धरण, रेल्वे, घाटवाट : मराठी साहित्यसंशोधनाची एक उपेक्षित दिशा

‘पायाभूत सुविधा’ हा शब्दप्रयोग मराठीत आता इतका रुळला आहे, की त्यातील ‘सुविधा’ या पदापाशी कोणी थांबत नाही. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखकांसमोर या वस्तू प्रथम आल्या तेव्हा त्यांनी ‘लोखंडी रस्ता’, ‘आगगाडी’, ‘तारायंत्र’ अशी नावे योजिली. वस्तू कशाची बनली आहे आणि कशाच्या बळावर चालते, एवढेच ही नावे सांगतात. ती कोणाच्या हिताची, हे सांगण्याचा अधिकार ती स्वतःकडे घेत नाहीत. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली आणि पुढच्याच वर्षी कृष्णशास्त्री भाटवडेकर यांचे लोखंडी रस्त्यांचे वर्णन करणारे पुस्तक प्रसिद्ध झाले. नव्या वस्तूचे नाव घडविणे हे त्या काळच्या गद्याने स्वतःचेच काम मानले होते. पुढे राज्यकारभाराच्या भाषेने रस्ता, धरण, वीज, बंदर हे सारे ‘सुविधा’ या एका शब्दात गोळा केले आणि शब्द उच्चारतानाच निवाडाही उरकून टाकला. याच्या नेमका उलटा शब्द लोकव्यवहारात घडला, तो म्हणजे ‘धरणग्रस्त’. रोगग्रस्त, दुष्काळग्रस्त, ऋणग्रस्त यांच्या पंक्तीत तो सहज जाऊन बसतो. एकच धरण एका कागदावर सुविधा असते आणि दुसऱ्या कागदावर पीडा. या दोन शब्दांमधले अंतर मोजणे हे भाषा व साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे, आणि मराठी विभागांनी ते बव्हंशी इतरांवर सोपविले आहे.

इतरांनी ते पुष्कळ निष्ठेने केले, हेही मान्य करावयास हवे. मुळशी सत्याग्रहाचा साक्षेपी इतिहास राजेंद्र व्होरा या राज्यशास्त्राच्या अभ्यासकाने लिहिला. बोरघाटातील रेल्वेमार्ग खोदणाऱ्या मजुरांचा शोध इयन कर या इतिहासकाराने घेतला. अलीकडे पर्यावरण, दळणवळण आणि मानव्यविद्या यांना एकत्र आणणाऱ्या संशोधनाचा देशोदेशी बराच बोलबाला आहे आणि त्याची परिभाषा मराठी चर्चासत्रांच्या पत्रिकांवरही उमटू लागली आहे. परिभाषा आली म्हणजे दृष्टी आली असे नव्हे. मराठी समीक्षेपाशी या विषयाला टाळण्याची दोन जुनी, सोयीची साधने आहेत : ‘पार्श्वभूमी’ आणि ‘प्रतीक’. कादंबरीत धरण आले तर ती पार्श्वभूमी, कवितेत आगगाडी आली तर ते यंत्रयुगाचे प्रतीक. दोन्ही प्रसंगी वस्तू स्वतः अभ्यासातून निसटते. ती कोठून आली, कोणाच्या जमिनीवर उभी राहिली, तिच्यामुळे कोण हलले आणि कोण जागच्या जागी अडकले, हे प्रश्न साहित्यबाह्य ठरतात.

मुळशीचेच उदाहरण विस्ताराने पाहण्याजोगे आहे, कारण वर उल्लेखिलेली सारी सूत्रे तेथे एका दोरात गुंफली गेली आहेत. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधावयास घेतले ते मुंबईस वीज पुरविण्यासाठी. पन्नासच्या आसपास गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे त्याच्या कक्षेत येत होती. जमीन संपादन करण्यासाठी १८९४ चा कायदा वापरण्यात आला. एका खाजगी कंपनीचा उद्योग ‘सार्वजनिक प्रयोजन’ ठरला. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह सुरू झाला. पहिली आगगाडी धावली तीच ही तारीख; योगायोग खरा, पण अभ्यासकाच्या वहीत टिपून ठेवण्यासारखा. सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांचे नेतृत्व, मावळ्यांचा आणि त्यांच्या घरच्या बायकांचा सहभाग, ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा, हे सर्वपरिचित आहे. तितके परिचित नसलेले हे की, जमिनीचे मालक असलेले पुण्यातील अनेक सावकार वाढीव मोबदल्यावर राजी झाले आणि जमीन कसणारे कूळ मात्र एकटे पडत गेले. डिसेंबर १९२४ मध्ये बापटांनी व त्यांच्या सोबत्यांनी धरणाच्या कामावरील आगगाडी अडविली. त्यापायी बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ साली भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले.

या वीजकेंद्राची रचना लक्षात घेतल्याशिवाय पुढचा मुद्दा कळणार नाही. मुळा नदी मूळची पूर्वेस वाहणारी. तिचे पाणी भीमेवाटे कृष्णेला मिळावयाचे. धरणाने ते अडविले, बोगद्यातून आणि नळांतून सह्याद्रीचा सुमारे पाचशे मीटरचा उतार उतरवून कोकणात भिऱ्याला आणले, आणि वीज काढून झाल्यावर कुंडलिका नदीत सोडून दिले. म्हणजे पाणी देशावरचे, पडणे कोकणातले, आणि उजेड मुंबईचा. घाटमाथा, तळकोकण आणि महानगर हे तीन प्रदेश एका यंत्रणेने एकमेकांना बांधले गेले. याच काळात मावळ-मुळशीची माणसेही त्याच दिशेने उतरत होती. पाणी गेले त्या दिशेने माणूस गेला. गिरणीत, गोदीत, हमालीत, आणि पुढे डबेवाल्यांच्या व्यवसायात या भागातील माणसांची जी वस्ती मुंबईत झाली, तिचा इतिहास आणि मुळशीच्या पाण्याचा इतिहास वेगवेगळा काढता येत नाही.

मराठी साहित्यविचार मात्र नेमका येथेच कात्री चालवितो. १९६० नंतर दलित, ग्रामीण, महानगरीय, आदिवासी अशा प्रवाहांत साहित्याची जी विभागणी झाली तिने अनेक दडपलेल्या आवाजांना व्यासपीठ मिळवून दिले, यात संशय नाही. तथापि अभ्यासक्रमात आणि प्रबंधांत हे प्रवाह हळूहळू कप्पे बनले. धरणात बुडालेले गाव ‘ग्रामीण’ कप्प्यात गेले आणि त्याच धरणाच्या विजेवर चालणारी गिरणी ‘महानगरीय’ कप्प्यात. पाण्याची वीज होते त्या बिंदूवरच रेघ मारली गेली. रेघेच्या अलीकडचा संशोधक पलीकडे पाहत नाही, कारण त्याच्या विषयाच्या शीर्षकात ते बसत नाही.

बा. सी. मर्ढेकरांची ‘काही कविता’ १९४७ साली प्रसिद्ध झाली. त्या कवितेतील मुंबई, तिची यंत्रे, तिचे दिवे यांवर समीक्षकांनी जे लिहिले आहे त्यात यांत्रिकता, विफलता, मानवाचे क्षुद्रत्व या संज्ञा पुनःपुन्हा येतात. त्या चुकीच्या नाहीत. परंतु ती वीज तोवर वीस वर्षे मुळशीच्या पाण्यातूनही येत होती, ही साधी गोष्ट त्या विवेचनात कोठेही उपयोगी पडत नाही. कवीने ती सांगितली नाही म्हणून समीक्षकानेही विचारू नये, हा संकेत समीक्षेने स्वतःवर लादून घेतलेला आहे. उलट बाजूस विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) घ्यावी. साहित्य अकादमीच्या पुरस्काराने गौरविलेली ही कादंबरी धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची फरफट तपशिलाने मांडते. नोटिसा, मोजणी, मोबदला, बदलत्या तारखा यांनी तिचे पान न् पान भरलेले आहे. तिच्यावरील लेखनात मात्र कल असतो तो पात्रचित्रण, बोलीचा वापर आणि करुण रस यांकडे. शासकीय कागदाची भाषा या कादंबरीत पात्राइतकीच वावरते. तो कागद कसा वाचला जातो, कोणाला वाचून दाखविला जातो, कोण त्यावर अंगठा उठवितो, यातच तिचे मर्म आहे. हा अभ्यास भाषेच्या विद्यार्थ्याने नाही करावयाचा तर कोणी?

गतिशीलतेचा विचार तर याहूनही तोकडा आहे. अण्णा भाऊ साठे लहान वयात वाटेगावाहून कुटुंबासह पायी चालत मुंबईस आले, हे चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात सांगितले जाते आणि तेथेच सोडून दिले जाते. त्या वेळी पुणे-मुंबई लोहमार्ग सुरू होऊन सहा दशके उलटून गेली होती. गाडी होती, पण तिचे भाडे नव्हते. रेल्वेने अंतर मिटविले असे म्हणणाऱ्या इतिहासात हा पायी चालणारा मुलगा कोठे बसतो? ‘माझी मैना’ या छक्कडीतील विरहाचे जे मोल आहे ते या चालण्याशी, गाव आणि मुंबई यांच्यातील खर्चिक अंतराशी जोडलेले आहे. भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांबाबतही हेच घडले. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) किंवा लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही पुस्तके वेदनेची, विद्रोहाची म्हणून वाचली गेली आणि ते रास्तच होते. पण ‘उपरा’ हे गाढवांच्या पाठीवर बिऱ्हाड टाकून गावोगाव हिंडण्याचेही पुस्तक आहे. वाट, मुक्काम, पाणवठा, गावाबाहेरची जागा यांचे इतके काटेकोर ज्ञान अन्य मराठी गद्यात क्वचितच आढळेल. बैलांच्या तांड्यांवर धान्य-मीठ वाहणाऱ्या लमाण-वंजारी समाजाचा व्यवसाय पक्क्या रस्त्यांनी आणि रेल्वेने मोडला, आणि १८७१ च्या कायद्याने फिरत्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यास आरंभ केला. एकाच काळात एका प्रकारच्या प्रवासाला इंग्रजी राज्याने लोहमार्ग घालून दिला आणि दुसऱ्या प्रकारच्या प्रवासाला हजेरी लावली. ही आत्मकथने या दुसऱ्या प्रवासाचा उत्तरकाळ आहेत.

बोरघाटाच्या बांधकामाबाबत मराठी वाचकाला बोगद्यांची संख्या आणि चढाची तीव्रता माहीत असते. काम १८५६ मध्ये सुरू झाले, १८६३ मध्ये मार्ग खुला झाला, मध्यंतरी कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल मरण पावला आणि त्याच्या पत्नीने काम पुरे करविले, हेही अधूनमधून छापून येते. पण १८६१ च्या सुमारास त्या घाटात चाळीस हजारांहून अधिक मजूर खपत होते आणि १८५९ साली थकलेल्या मजुरीवरून त्यांनी दंगा केला होता, याचा मराठी गद्याच्या इतिहासाशी काही संबंध असू शकेल असे कोणाला वाटलेले नाही. घाट खुला झाला त्याच १८६३ साली गोविंद नारायण माडगावकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील नगरवर्णनाचा हा पहिला मोठा ग्रंथ आणि त्या नगरापर्यंत पुण्याहून थेट पोचण्याचा मार्ग यांचे जन्मवर्ष एकच आहे. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ (१९०७ साली प्रसिद्ध) याच्याशेजारी ठेवून वाचला तर आणखी एक गोष्ट ध्यानात येते. वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि गंगेची कावड घेऊन पायी परतला. अभ्यासकांनी त्याच्याकडे बंडाचा साक्षीदार म्हणून पाहिले, किंवा त्याच्या निवेदनशैलीचे कौतुक केले. तो ज्या घाटांनी चढला, ज्या नावाड्यांच्या भरवशावर नद्या ओलांडल्या, ज्या धर्मशाळांत राहिला, ती सारी एक यंत्रणाच होती. कोणी तिला सुविधा म्हटले नाही इतकेच.

या दिशेने विचार करण्याची परंपरा महाराष्ट्रात अजिबात नव्हती असे नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातील घाटवाटा, त्यांच्या कडेची देवस्थाने आणि तेथे सापडणारी अश्मायुधे यांचा संबंध पायी हिंडून लावला. तेच कोसंबी मुंबईतील नोकरीसाठी डेक्कन क्वीनने त्याच सह्याद्रीतून ये-जा करीत असत. ग्युंटर सोन्थायमर यांनी धनगरांची दैवते आणि त्यांच्या ओव्या यांचा अर्थ मेंढरांच्या हंगामी वाटांवरून उलगडला. ॲन फेल्डहाउस यांनी यात्रा, कावडी आणि पालख्या यांच्या येण्याजाण्यातून प्रदेशाची जाणीव कशी घडते ते दाखविले. यांतील एकही व्यक्ती मराठी विभागातील नव्हे, ही गोष्ट विभागांना टोचावयास हवी.

सर्वांत बोलके उदाहरण इरावती कर्वे यांचे आहे. पंढरीच्या वारीवरील त्यांचा ‘वाटचाल’ हा लेख ललित निबंधाचा उत्तम नमुना म्हणून पिढ्यान् पिढ्या शिकविला गेला. त्याच इरावतीबाईंनी जाई निंबकर यांच्यासह कोयना धरणामुळे विस्थापित झालेल्या लोकांची पाहणी केली आणि ती १९६९ मध्ये डेक्कन कॉलेजने इंग्रजीत प्रसिद्ध केली. कोयनेचे पाणीही मुळशीप्रमाणेच पश्चिमेस वळविलेले आहे. पोफळीला वीज काढून ते वाशिष्ठीत सोडले जाते. ‘वाटचाल’मधील बाई स्वेच्छेने चालणाऱ्यांबरोबर चालल्या आणि पाहणीतील बाईंनी हलविल्या गेलेल्यांना प्रश्न विचारले. दोन्ही लेखनांत निरीक्षणाची तीच नजर आहे. माणसे कोणाच्या सोबतीने निघतात आणि कोणापासून वेगळी केली जातात याकडे तेच लक्ष आहे. पहिले लेखन मराठी विभागाच्या वाट्याला आले, दुसरे समाजशास्त्राच्या. मराठीच्या विद्यार्थ्याला त्या पाहणीचे नावही सांगितले जात नाही. लेखिका एक, पण ग्रंथालयात तिची पुस्तके दोन मजल्यांवर.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे आणि तो क्षुल्लक नाही. धरणाचा अहवाल, मजुरीचा दंगा, गाडीचे भाडे हे सारे साहित्याच्या अभ्यासात आणले तर साहित्याचे साहित्यपण उरणार काय? कादंबरी ही पुराव्याची पेटी होईल आणि कविता तळटीप. हा धोका खरा आहे. सामाजिक आशयाच्या नावाखाली कलाकृतीतून वेचे काढून त्यांची यादी करणारे प्रबंध थोडे नाहीत. ‘पर्यावरणवादी समीक्षा’ हे नवे शीर्षक धारण केलेल्या लेखनातही असेच घडताना दिसते. कवितेतील झाडे, पक्षी, नद्या, ऋतू यांची मोजदाद होते, कवी निसर्गप्रेमी ठरतो आणि प्रकरण संपते. अशा अभ्यासात पर्यावरणही येत नाही आणि कविताही. येथे सुचविले जात आहे ते याच्या उलट आहे. साहित्यकृतीला रस्त्याचा किंवा धरणाचा पुरावा करावयाचा नसून, रस्ता व धरण यांनी भाषेत, रचनेत, विरहाच्या कल्पनेत, ‘गाव’ या शब्दाच्या अर्थात काय घडविले हे पाहावयाचे आहे. छक्कडीचा घाट, आत्मकथनातील मुक्कामांची लय, कादंबरीत घुसलेली नोटिशीची वाक्यरचना हे रूपाचेच प्रश्न आहेत. रूपवादी समीक्षेला ते परके वाटण्याचे कारण नाही.

मौखिक सामग्रीच्या बाबतीत तर मराठीएवढी संपन्नता अन्यत्र दुर्मीळ आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी भागातील गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून जात्यावरील ओव्या गोळा करण्यास प्रारंभ केला. पुढे महाराष्ट्रभर हिंडून हा संग्रह लाखाच्या वर गेला आणि आता तो गाव, तालुका व गाणाऱ्या बाईच्या नावासह संगणकावर सर्वांस खुला आहे. आगीनगाडी, मोटार, मुंबईला गेलेला भाऊ किंवा नवरा, घाटातली वाट हे या ओव्यांचे नित्याचे विषय आहेत. त्यांचा अभ्यास झाला तो प्रामुख्याने स्त्रीजीवन, माहेर-सासर, सीता आणि विठ्ठल या अंगांनी. त्या अभ्यासाचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु सासर-माहेर हेही मुळात दोन ठिकाणांमधले अंतर आहे, आणि ते अंतर पायवाटेने, बैलगाडीने की मोटारीने तोडावयाचे यावर ओवीतील भावाच्या वाटेकडे डोळे लावण्याची मुदत ठरते. वाहन बदलले की ओवीतील काळ बदलतो. हा बदल तालुकावार, पिढीवार पडताळून पाहता येईल इतकी सामग्री हाताशी आहे.

या ओव्यांचा प्रसंगच नाहीसा झाला तोही यंत्रामुळे. इंजिनावर आणि नंतर विजेवर चालणारी पिठाची गिरणी गावात आली आणि जाते कोपऱ्यात गेले. मराठीत कापडाची ती गिरणी आणि पिठाचीही गिरणीच. घरातील पुरुष एका गिरणीत गेला आणि बाईचे गाणे दुसऱ्या गिरणीने थांबविले. बाईचे कष्ट वाचले, हे विसरून हळहळणे हा शहरी अभ्यासकाचा जुना दोष आहे. दळण संपल्याचे दुःख दळणाऱ्या बाईने केल्याचे फारसे ऐकिवात नाही. तेव्हा येथे शोकगीताचे कारण नाही. प्रश्न इतकाच, की ज्या यंत्रणेने गाण्याचा प्रसंग संपविला तिच्याविषयी त्या गाण्यात काय नोंदले गेले आहे, हे विचारण्याची तयारी ओवीच्या अभ्यासकाने दाखवावी.

कामाला प्रारंभ करावयाचा तर मुळशीपासून करावा, कारण तेथे सर्व प्रकारची साधने एकाच तालुक्याच्या परिघात मिळतात. ‘केसरी’चे १९२१ ते १९२४ चे अंक, बापटांचे पद्य व गद्य लेखन, भुस्कुट्यांचा वृत्तान्त, व्होरांचा ग्रंथ आणि मुळशीतील बायकांच्या ओव्या या साधनांची भाषा परस्परांहून अगदी भिन्न आहे. वृत्तपत्र ‘मावळे’ म्हणते तेव्हा शिवकाल जागवीत असते. सरकारी कागद त्याच माणसांना कूळ आणि खातेदार अशा रकान्यांत मांडतो. ओवी मात्र माणसाला त्याच्या गावाच्या आणि नात्याच्या नावाने हाक मारते. या भाषांची तुलना हा एखाद्या पीएच.डी.च्या आवाक्यातला विषय आहे. त्यासाठी परदेशी सिद्धान्तांची लांबलचक पहिली दोन प्रकरणे लिहिण्याची गरज नाही. पौडपर्यंत बसने जाऊन पुढे काही पावसाळे-उन्हाळे गावे हिंडावी लागतील एवढेच. ओव्यांची ध्वनिमुद्रणे सुरक्षित आहेत. ओवीतील गावाचे नाव ऐकून, ते गाव आताच्या जलाशयाच्या कोणत्या अंगाला होते आणि तेथील घरे उठून कोठे गेली, हे सांगू शकणारी माणसे मात्र मुळशीत वर्षागणिक कमी होत आहेत.